काम कणाने केले की आयनाने? नॅनोपदार्थांविषयी वाचकांचे प्रश्न

औषध, शेती आणि प्रदूषित पाण्याची सफाई या तीन विषयांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत. ज्यांनी प्रयोग करताना अडून प्रश्न विचारले, त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पानांच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण करतो. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये अर्क घातला की कधी छान तपकिरी रंग येतो, तर कधी द्रावण दुधाळ होऊन तळाशी राखाडी गाळ बसतो. कृती तीच, झाडही तेच. मग चुकते कुठे?

उत्तर : दुधाळपणा दिसला की पहिला संशय क्लोराइडवर घ्या. चांदी आणि क्लोराइड यांची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो. तुमच्या १ मिलिमोलर द्रावणात हिशेबाने लिटरमागे सहा-सात मायक्रोग्रॅम क्लोराइडही त्याला पुरते. नळाच्या पाण्यात ते याच्या हजारो पट असते. लिटरला ३५ मिलिग्रॅम असेल तर जवळजवळ सगळी चांदी त्यातच जाते, कारण ३५ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजेच १ मिलिमोल. हा पांढरा साका उजेडात राखाडी-जांभळा पडतो. तुमचा गाळ बहुधा तोच आहे.

क्लोराइड तीन वाटांनी शिरते. पाने शेवटची ज्या पाण्यात खळबळली ते पाणी, हायड्रोक्लोरिक आम्लाने किंवा अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुऊन घाईत वापरलेली काचपात्रे, आणि खुद्द पान. तिसऱ्या वाटेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पानाच्या रसात क्लोराइड असतेच, आणि ते पान कोवळे की जून, हंगाम कोणता, मातीत आणि पाण्यात मीठ किती यावर कमी-जास्त होते. म्हणून झाड तेच असले तरी अर्क तोच राहत नाही.

खात्री करायची सोपी रीत आहे. ताज्या अर्काच्या २ मिलिलिटरमध्ये सिल्व्हर नायट्रेटचे चार-पाच थेंब टाका. लगेच पांढरे ढग आले तर ते निथळून एकदा धुवा आणि त्यावर अमोनियाचे द्रावण घाला. साका विरघळला तर तो सिल्व्हर क्लोराइड असण्याची दाट शक्यता आहे. ही परीक्षा साका पांढरा असतानाच करा, काळवंडल्यावर तो पुरता विरघळत नाही. आणि परीक्षेनंतरचे अमोनियायुक्त चांदीचे द्रावण अजिबात साठवू नका, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून ते आम्लधर्मी करा.

कृती अशी बांधून घ्या. १७ मिलिग्रॅम तोलण्यात चूक फार होते, म्हणून १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिलिलिटर विआयनित (विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात विरघळवून १० मिलिमोलरचे मूळ द्रावण करा, तपकिरी बाटलीत ठेवा आणि लागेल तसे दहा पट विरल करा. १० ग्रॅम पाने शेवटी तीनदा विआयनित पाण्यात खळबळून, चिरून, १०० मिलिलिटर पाण्यात ८० अंश सेल्सिअसला १० मिनिटे ठेवा. आधी मलमलीतून, मग गाळणकागदातून गाळा आणि त्याच दिवशी वापरा. ९० मिलिलिटर सिल्व्हर नायट्रेट ढवळत असताना त्यात १० मिलिलिटर अर्क थेंबाथेंबाने सोडा. काचपात्रे विरल नायट्रिक आम्लाने धुवा. पीएच वाढवायचा असेल तर विरल सोडियम हायड्रॉक्साइड वापरा. फॉस्फेटचे बफर घातले तर पिवळा सिल्व्हर फॉस्फेट खाली बसेल. पीएच १० च्या वर नेला तर सिल्व्हर ऑक्साइड पडू शकतो, आणि तोही तपकिरीच असतो. त्यामुळे रंग आला म्हणजे कण झाले असे धरून चालू नका.

वर्णपटात ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान स्वतंत्र शिखर दिसले पाहिजे. अर्क स्वतःही तपकिरी असतो, तेव्हा संदर्भ म्हणून नुसते पाणी न ठेवता तेवढाच विरल केलेला अर्क ठेवा. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या नळीने चांदीच्या रेषा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. त्यांच्या जोडीला २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांना रेषा दिसल्या तर त्या सिल्व्हर क्लोराइडच्या आहेत. अनेक शोधनिबंधांत त्या ‘वनस्पतीतील स्फटिकी सेंद्रिय पदार्थ’ म्हणून मोडीत काढलेल्या दिसतात. तुम्ही तसे करू नका. क्लोराइड पानातूनच येत असेल तर अर्क कमी करून पाहा किंवा वनस्पती बदला.

प्रश्न : याच कणांनी आगरवर १४ मिलिमीटरचे जंतुरोधक वर्तुळ दिले. हे नॅनोकणांचे जंतुनाशक गुण सिद्ध झाले असे लिहिता येईल का?

उत्तर : नाही. आगरच्या जाळीतून कण फारसे सरकत नाहीत, सरकतात ते कणांतून सुटलेले किंवा अभिक्रियेनंतर उरलेले चांदीचे आयन. वर्तुळ मुख्यतः त्यांचे असते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातील गटाने २०१२ मध्ये ऑक्सिजन पूर्णपणे वगळून, म्हणजे कणांतून आयन सुटण्याची वाटच बंद करून, चाचणी घेतली. त्या स्थितीत कणांनी ई. कोलाय जिवाणू मारले नाहीत. कण हा आयनांचा साठा म्हणून काम करतो हा त्याचा अर्थ. तो गुणही कामाचा आहे, पण दावा तेवढाच करायला हवा.

तुमच्या चाचणीत चार नमुने आणखी लागतील : नुसता अर्क, तेवढीच चांदी असलेले सिल्व्हर नायट्रेट, ३ किलोडाल्टनच्या गाळणीतून कण अडवून मिळालेला निथळ, आणि धुतलेले कण. ‘तेवढीच चांदी’ हे आटलेल्या द्रावणाच्या वजनावरून ठरवू नका, कारण त्यात पानाचा अर्कही मोजला जातो. कण नायट्रिक आम्लात विरघळवून अणुशोषण वर्णपटमापीने चांदी मोजा. शेवटी वर्तुळावर न थांबता द्रव माध्यमात किमान रोधक मात्रा काढा. कणांच्या रंगामुळे गढूळपणाचे वाचन फसवे येते, म्हणून वसाहती मोजून खात्री करा. वाढमाध्यमातले क्लोराइड आणि गंधकयुक्त प्रथिने चांदीचे आयन बांधून ठेवतात, त्यामुळे एका माध्यमातला आकडा दुसऱ्या माध्यमातल्या आकड्याशेजारी ठेवू नका.

प्रश्न : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण १८ नॅनोमीटरचे, क्ष-किरणांवरून ११ चे आणि डीएलएस यंत्रावर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या) ९२ चे. खरा आकार कोणता धरावा?

उत्तर : तिन्ही आकडे लिहा. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. क्ष-किरण रेषांच्या रुंदीवरून, शेररच्या सूत्रातून निघतो तो स्फटिकखंडाचा आकार, आणि एका कणात असे अनेक खंड असू शकतात. सूक्ष्मदर्शक सुकलेल्या कणाचा धातूचा गाभा दाखवतो. डीएलएस पाण्यात हलणाऱ्या कणाचा व्यास सांगते, त्यात कणाभोवतीचे आवरण आणि पाण्याचा थरही येतो. शिवाय एवढ्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. धुळीचे चार कण किंवा थोड्या गुठळ्या असल्या तरी सरासरी तिकडे ओढली जाते. बहुविखुरणांक (आकारांत किती फरक आहे ते सांगणारा डीएलएसचा आकडा) ०.३ च्या वर असेल तर एकच सरासरी देण्यात अर्थ नाही, पूर्ण वितरण द्या. सूक्ष्मदर्शकाखाली किमान दोन-तीनशे कण मोजा, तेही जाळीच्या वेगवेगळ्या चौकटींतून.

प्रश्न : पेशींवरील एमटीटी चाचणीत आमच्या कार्बन-आधारित कणांनी जिवंत पेशींचे प्रमाण १३० टक्के दाखवले. पेशी खरेच वाढल्या का?

उत्तर : वाढल्या असतीलही, पण या आकड्यावरून ते कळत नाही. या चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे फॉर्मझॅन करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण मोजतो. काळा कण तिथेच प्रकाश शोषतो, म्हणून आकडा फुगतो. काही कणांचा पृष्ठभाग पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीचे क्षपण करतो, त्यानेही आकडा वाढतो. उलटही घडते. कार्बन नॅनोनळ्या फॉर्मझॅनचे स्फटिक धरून ठेवतात, ते विरघळत नाहीत, आणि धडधाकट पेशी मेलेल्या दिसतात.

त्याच प्लेटवर तीन रांगा वाढवा : पेशींशिवाय कण आणि माध्यम, पेशींशिवाय कण आणि एमटीटी, आणि कण न दिलेल्या पेशींचे तयार फॉर्मझॅन ज्यात शेवटी कण मिसळले आहेत. पहिल्या रांगेत शोषण दिसले तर ते वजा करता येते. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत फरक दिसला तर या कणांसाठी ही चाचणी सोडून द्या, वजाबाकीने ती सुधारत नाही. फॉर्मझॅन विरघळल्यावर प्लेट सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव नव्या प्लेटमध्ये मोजला तर बरीच गडबड टळते. जोडीला वेगळ्या तत्त्वावरची एक चाचणी हवीच. फुटलेल्या पेशींतून सुटणारे एलडीएच हे विकर मोजणार असाल तर तेही कणांना चिकटू शकते, त्याचीही अशीच परीक्षा घ्या.

दाहकारक परिणाम दिसला तर आधी एंडोटॉक्सिन तपासा. जिवाणूंच्या भित्तिकेचे हे अवशेष पाण्यातून, काचेवरून, रसायनांतून येतात आणि निर्जंतुक गाळणीतून सरळ पार होतात. ऑटोक्लेव्हनेही ते पुरते जात नाहीत. त्यांचे पाप कणांच्या माथी मारले जाते.

प्रश्न : नॅनो-औषध ‘थेट गाठीत’ जाते असे वाचतो. उंदरांच्या चित्रांत गाठ चमकतानाही दिसते. मग असे उपचार सर्रास का नाहीत?

उत्तर : ‘थेट’ हा शब्द वस्तुस्थितीला सोडून आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि त्यातून मोठे रेणू बाहेर पडून तिथे साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले. त्यावर मोठी आशा उभी राहिली. टोरांटो विद्यापीठातील गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा टोचलेल्या मात्रेतला गाठीत पोहोचलेला वाटा मध्यकाने ०.७ टक्का निघाला. बाकीचे बहुतांश यकृत आणि प्लीहा अडवतात. रक्तात शिरताक्षणी कणावर प्रथिनांचा थर चढतो आणि भक्षक पेशी तो थर ओळखतात. सुमारे ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून निघून जातात.

तरी जे जमले ते मोलाचे आहे. पेग या बहुवारिकाचे आवरण असलेल्या लायपोसोममधले (मेदाच्या सूक्ष्म पिशवीतले) डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याचा मुख्य फायदा असा, की हृदयावरचा घात कमी होतो. २०१८ मधल्या पॅटिसिरॅन या औषधाने तर यकृताची ही ओढच कामी लावली, कारण त्याचे लक्ष्यच यकृताच्या पेशी आहेत. ते ज्या मेदकणात भरलेले असते त्यातले घटक मोलच्या प्रमाणात असे आहेत : आयनीभवनक्षम मेद ५०, डीएसपीसी हा फॉस्फोमेद १०, कोलेस्टेरॉल ३८.५ आणि पेग-मेद १.५. पुढे एमआरएनए लसी याच कुळातल्या मेदकणांवर उभ्या राहिल्या.

चमकणारी चित्रे पाहताना विचारायचा प्रश्न हा : चमकते आहे ते औषध, कण, की कणातून सुटलेला रंग? रंग सुटून प्रथिनांना चिकटला तर तोही गाठीत साचतो. नुसता रंग टोचलेला उंदीर शेजारी दाखवलेला नसेल, आणि प्रत्येक अवयवात टोचलेल्या मात्रेच्या किती टक्के गेले याचा तक्ता नसेल, तर त्या चित्रावरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : पिकावर नॅनो झिंक ऑक्साइड १०० पीपीएम आणि झिंक सल्फेट ०.५ टक्के अशा फवारण्यांची तुलना करत आहोत. नॅनो फवारणीनंतर पानांतले जस्त अधिक आले. निष्कर्ष बरोबर आहे ना?

उत्तर : दोन ठिकाणी पाय घसरण्याचा धोका आहे. पहिले, दोन्ही टाक्यांत जस्त सारखे नाही. झिंक ऑक्साइडमध्ये जस्त ८०.३ टक्के, म्हणून १०० पीपीएममध्ये लिटरमागे ८० मिलिग्रॅम. सात पाणीरेणूंच्या झिंक सल्फेटमध्ये ते २२.७ टक्के, म्हणून ०.५ टक्क्यात लिटरमागे सुमारे ११३७ मिलिग्रॅम. चौदा पटींचा फरक ठेवून केलेल्या तुलनेतून कणाच्या आकाराबद्दल काही कळत नाही. लिटरमागे १०० मिलिग्रॅम जस्त हवे असेल तर झिंक ऑक्साइड १२४.५ मिलिग्रॅम किंवा झिंक सल्फेट ४४० मिलिग्रॅम घ्या. तिसरा गट साध्या, जाड दाण्याच्या झिंक ऑक्साइडचा आणि चौथा नुसत्या विखुरणकारकाचा ठेवा.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. कण पानावर बसून राहतात. पान सुकवून, दळून, आम्लात विरघळवले की पानावरची भुकटीही ‘पानातले जस्त’ म्हणून मोजली जाते. सल्फेट पाण्याने धुऊन जाते, ऑक्साइड साध्या पाण्याने जात नाही. पान आधी सौम्य डिटर्जंटने, मग ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात अगदी थोडा वेळ बुडवून आणि शेवटी विआयनित पाण्याने धुवा, आणि ते शेवटचे धुवणही मोजा. त्याहून चांगला पुरावा म्हणजे फवारणीनंतर फुटलेली नवी पालवी आणि दाणे. तिथे जस्त वाढले असेल तर ते पानातून वाहून गेलेलेच असणार.

मिश्रणाकडेही लक्ष असू द्या. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कणांमधले विद्युत अपकर्षण दाबून टाकतात आणि काही मिनिटांत गुठळ्या होतात. मग पुडक्यावर ‘३० नॅनोमीटर’ लिहिलेले असले तरी नोझलमधून मायक्रोमीटरच्या गुठळ्या बाहेर पडतात. विआयनित पाण्यात, बर्फात भांडे ठेवून २० मिनिटे ध्वनिलहरींनी फोडा आणि तासाभरात फवारा. थोडे मिश्रण उभ्या नळीत ठेवून द्या. अर्ध्या तासात वरचा भाग निवळ झाला तर तुमची फवारणी नॅनो राहिलेली नाही.

प्रश्न : ४ टक्के नायट्रोजन असलेले अर्धा लिटर नॅनो खत पोतेभर दाणेदार खताची जागा घेऊ शकते का?

उत्तर : हिशेब करून पाहा. अर्ध्या लिटरमध्ये ४ टक्क्यांनी सुमारे २० ग्रॅम नायट्रोजन. एक टन गव्हाच्या दाण्यात नायट्रोजन साधारण २० किलो असतो. म्हणजे थेंबही वाया न जाता सगळे दाण्यात उतरले तरी पुरवठा किलोभर दाण्यांचा. आकार कितीही लहान केला तरी अणू वाढत नाहीत. जस्तासारखे सूक्ष्म अन्नद्रव्य हेक्टरी काही ग्रॅम ते किलोच्या हिशेबात लागते, म्हणून तिथे पानावाटे पुरवठा शक्य आहे. नायट्रोजनची गरज हेक्टरी दहा-वीस नव्हे तर बहुधा शंभर किलोच्या घरात असते. उरलेले मातीतूनच येते, आणि ते एक-दोन हंगाम मातीच्या साठ्यातून आले तरी पुढे साठा खालावतो.

प्रश्न : शून्य-संयुजी (म्हणजे धातुरूप) लोहाच्या नॅनोकणांनी प्रयोगशाळेतल्या बाटलीत ट्रायक्लोरोइथिलीन हे भूजल दूषित करणारे क्लोरीनयुक्त द्रावक झपाट्याने गेले. वाळूच्या स्तंभात मात्र काळे पाणी दोन-तीन सेंटिमीटरवर अडकते, आणि खऱ्या भूजलात लोह फार लवकर संपते. काय करावे?

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे मात्र लोहाच्या स्वभावातच आहेत.

अडकण्याचे कारण चुंबकत्व. हे कण एकमेकांना ओढतात आणि काही मिनिटांत मायक्रोमीटर आकाराचे गुच्छ होतात. मग वाळूच्या दाण्यांमधल्या फटी बुजतात. उपाय कण तयार होतानाच करावा लागतो, तयार गुच्छ नंतर सुटे करणे फार कठीण. सर्वांत रुळलेला मार्ग कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा (पुढे नुसते ‘सेल्युलोज’); त्याच्या लांब साखळ्या कणांना सुटे ठेवतात. एक लिटर मिश्रणात १ ग्रॅम लोह हवे असेल तर फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट ५ ग्रॅम, सुमारे १ टक्का सेल्युलोज आणि सोडियम बोरोहायड्राइड १.३५ ग्रॅम, म्हणजे लोहाच्या दुप्पट मोल. पाण्यातून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडा. सेल्युलोज आणि लोहाचे द्रावण पंधरा मिनिटे एकत्र ढवळू द्या, म्हणजे लोहाचे आयन साखळ्यांना धरतील. मग बोरोहायड्राइड थेंबाथेंबाने घाला. द्रावण शाईसारखे काळे होईल. या मापाला सुमारे ३ लिटर हायड्रोजन सुटतो, तेव्हा भांडे बंद ठेवू नका, धूर-कपाटात काम करा आणि जवळ ठिणगी नको. बुच घट्ट लावलेला फ्लास्क इथे फुटतो. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरा. सेल्युलोज असले तरी जमिनीत कण मैलोन्‌मैल जात नाहीत, काही मीटर गेले तरी पुष्कळ. म्हणून प्रत्यक्ष जागेवर अंतःक्षेपणाच्या नळ्या जवळजवळ घ्याव्या लागतात.

आता लोह कोण खाते ते पाहा. लिटरमागे १ मिलिग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीनचे पूर्ण इथेन करायला लोह लागते अवघे १.७ मिलिग्रॅम. पण त्याच लिटरमध्ये ८ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन असेल तर तो २८ मिलिग्रॅम लोह खातो. ६२ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर ते अमोनियम होताना सुमारे २२३ मिलिग्रॅम खाते, आणि वर अमोनियमचा नवा प्रश्न उभा करते. शिवाय पाणी स्वतः लोहाला गंजवत हायड्रोजन सोडत राहतेच. बाटलीतल्या विआयनित पाण्यात यातले जवळजवळ काही नव्हते, म्हणून तिथे यश आले. मात्रा ठरवण्याआधी भूजलातला ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट आणि पीएच मोजा, आणि लोहाचा हिशेब त्या सगळ्यांना धरून मांडा. नायट्रेट जास्त असेल तर लोह घालण्याआधी ते जिवाणूंकडून कमी करून घेणे अधिक शहाणपणाचे. गंधकाचा लेप दिलेले लोह पाण्याशी कमी आणि ट्रायक्लोरोइथिलीनशी जास्त अभिक्रिया करते. साठवणीतही ते बरे टिकते, आम्ही आज तेच सुचवू.

बाटलीतल्या यशाचीही फेरतपासणी करा. ट्रायक्लोरोइथिलीन बाष्पनशील आहे. बाटलीत हवा राहिली किंवा झाकणाचे रबर ते शोषत असेल तर लोह न घालताही आकडा उतरतो. बाटली काठोकाठ भरा, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण वापरा आणि लोहाविना एक बाटली शेजारी फिरवा. मूळ पदार्थ गेला एवढ्यावर समाधान मानू नका. सुटलेले क्लोराइड, आणि इथिन-इथेन मोजून ताळा जुळवा. मधल्या टप्प्यात व्हिनाइल क्लोराइड साचले तर माणसात कर्करोग घडवणारा सिद्ध पदार्थ तुम्ही पाण्यात वाढवला असे होईल. तेव्हा क्लोराइडचा ताळा ही या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची नोंद समजा. इथे क्लोराइड मोजायचे असल्यामुळे लोहाचे क्लोराइड न घेता सल्फेटच घ्या, नाहीतर पार्श्वभूमीतच आकडा हरवतो.

प्रश्न : टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीने सूर्यप्रकाशात मिथिलीन ब्ल्यूचा रंग दोन तासांत ९५ टक्के गेला. हे कारखान्याच्या सांडपाण्याला लावता येईल का?

उत्तर : अजून नाही. रंग गेला म्हणजे रेणू गेला असे नसते. मिथिलीन ब्ल्यूचे क्षपण झाले की ते रंगहीन रूपात जाते आणि हवा लागली की पुन्हा निळे होते. थोडा रंग भुकटीवर नुसताच चिकटतो, म्हणून उजेड दाखवण्याआधी अंधारात किमान ३० मिनिटे ढवळून मगच पहिले वाचन घ्या. थोडा रंग नुसत्या उन्हाने जातो, त्यासाठी भुकटीविना एक भांडे ठेवा. अॅनाटेजला (टायटॅनियम डायऑक्साइडच्या यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्फटिकरूपाला) ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबी लागते, ती सूर्यप्रकाशात चार-पाच टक्केच. दृश्य प्रकाशात काम होताना दिसले तर बहुधा रंगद्रव्यच प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन देते आहे. फिनॉलसारखा रंगहीन पदार्थ घेऊन पाहा आणि एकूण सेंद्रिय कार्बन मोजा. तो उतरला तरच पदार्थ खरोखर नष्ट झाला.

खऱ्या सांडपाण्यात बायकार्बोनेट आणि क्लोराइड हायड्रॉक्सिल मूलके (उजेडात भुकटीवर तयार होणारे, प्रदूषक मोडणारे क्रियाशील कण) खाऊन टाकतात, आणि गढूळ पाण्यात प्रकाश आत जात नाही. त्यातून वीस-पंचवीस नॅनोमीटरची भुकटी परत गोळा करणे जिकिरीचे. काचेवर लेप दिला तर गोळा करावी लागत नाही, पण पृष्ठभाग कमी पडून वेग उतरतो. या पद्धतीची जागा शुद्धीकरणाच्या शेवटच्या टप्प्यात, बऱ्यापैकी स्वच्छ झालेल्या पाण्यासाठी.

प्रश्न : कण इतके बारीक, मग मास्कची जाळी काय उपयोगाची? आणि उरलेल्या मिश्रणाचे काय करावे?

उत्तर : मास्क चाळणीसारखा काम करत नाही. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात नागमोडी फिरतात, तंतूंवर आदळतात आणि चिकटतात. एन९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसलेला मास्क हे कण चांगले अडवतो. गळती होते ती गालाजवळच्या फटीतून. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामाच्या जागेची सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेने सुचवलेली हवेतली मर्यादा अतिसूक्ष्म टायटॅनियम डायऑक्साइडसाठी घनमीटरला ०.३ मिलिग्रॅम आहे, तर कार्बन नॅनोनळ्यांसाठी अवघी १ मायक्रोग्रॅम. यावरून कोणत्या भुकटीला किती जपायचे ते कळते. धोका सर्वाधिक असतो कोरडी भुकटी तोलताना. डबी धूर-कपाटात उघडा, पण पंखा कमाल वेगावर ठेवू नका, भोवऱ्यात भुकटी उडते. शक्यतो भुकटी बाटलीतच पाण्याने भिजवून घ्या आणि पुढे मिश्रणच हाताळा. सांडले तर झाडू किंवा साधा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, ओल्या कापडाने टिपा आणि ते कापड बंद पिशवीत टाका.

चांदी आणि जस्ताची मिश्रणे मोरीत ओतू नका, दोन्ही पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. वेगवेगळ्या बरण्यांत, धातूचे नाव आणि अंदाजे प्रमाण लिहून, घातक कचऱ्यात द्या. अमोनिया असलेली चांदी दुसऱ्या कशातही मिसळू नका, आधी सांगितल्याप्रमाणे लगेच आम्लधर्मी करा. शून्य-संयुजी लोहाचा गाळ कधीही कोरडा करून कागदावर ठेवू नका, हवा लागताच तो पेट घेऊ शकतो. तो पाण्याखालीच, सैल झाकणाच्या भांड्यात, अधूनमधून ढवळत दोन-तीन दिवस ठेवा. काळ्याचा तांबूस-पिवळा झाला आणि बुडबुडे यायचे थांबले की मगच बरणीत भरा.